मोटरसायकलच्या ड्राइव्ह बेल्टचं टेन्शन

गिअरबॉक्सच्या पुलीपासून मागच्या चाकाच्या पुलीपर्यंत ताकद नेणारा दातेरी बेल्ट मोजून योग्य ताणावर आणणं, याला बेल्ट टेन्शन ॲडजस्ट करणं म्हणतात.

जुन्या गाड्यांमध्ये या ताणाला फार मोठं काम होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बऱ्याच गाड्यांना बिनदातांचा चामडी बेल्ट असायचा, तो ओला झाला की घसरायचा आणि वापराने लांबायचा. सुरुवातीच्या हार्ले-डेव्हिडसन गाड्यांमध्ये लिव्हरने आयडलर पुली (बेल्टला फक्त ताण देणारी मोकळी पुली) बेल्टवर दाबली की गाडी ओढायला लागायची, सोडली की इंजिन मोकळं, म्हणजे ताण हाच क्लच. रज मल्टी या ब्रिटिश मोटरसायकलीत (साधारण 1911-12) पुढच्या पुलीच्या कडा जवळ आल्या की मागच्या पुलीच्या लांब सरकायच्या, त्यामुळे गिअर रेशो बदलूनही ताण टिकायचा, फार सुंदर युक्ती आहे ही. पुढे चेन आली. आधुनिक दातेरी बेल्टची सुरुवात बहुतेक जण 1980 च्या हार्ले-डेव्हिडसन स्टर्जिसपासून धरतात, पण कावासाकीचं 440 सीसीचं बेल्टवालं मॉडेलही त्याच सुमाराचं, त्यामुळे "पहिली" हा शब्द जपूनच वापरावा. स्टर्जिसमध्ये प्रायमरी (इंजिन ते गिअरबॉक्स) आणि फायनल (गिअरबॉक्स ते चाक) दोन्हीकडे बेल्ट होता, तेवढं वेगळेपण मात्र नक्की.

आजच्या बेल्टमध्ये ॲरामिड (केव्लारसारखा मजबूत कृत्रिम धागा) किंवा कार्बन फायबरचे दोर असतात, ते चेनसारखे लांबत नाहीत, म्हणून ॲडजस्टमेंट क्वचितच लागते. ताण मोजायच्या दोन पद्धती. एकीत टेन्शन गेजने (ठरावीक बल लावायचं साधन) ठरलेलं बल, हार्लेत 10 पौंड म्हणजे साधारण 4.5 किलो, बेल्टच्या खालच्या बाजूच्या मध्यावर लावून बेल्ट किती मिलिमीटर वाकतो ते बघायचं. दुसरीत बेल्ट टिचकीने वाजवून त्याची फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला किती कंपनं होतात ते, मोजायची. ताण फ्रिक्वेन्सीच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे फ्रिक्वेन्सी 10 टक्के चुकली की ताण 21 टक्क्यांच्या आसपास चुकतो, शिवाय आजूबाजूच्या आवाजाचा त्रास, म्हणून मॅन्युअलमध्ये मिलिमीटरचा आकडा असेल तर गेजच बरा वाटतो. अंगठ्याने दाबून अंदाज घेणं हे मोजमाप नाही.

बेल्ट थंड असावा, गाडी न्यूट्रलमध्ये, आणि चाक फिरवून सगळ्यात घट्ट जागा शोधून मोजमाप तिथेच घ्यावं, कारण पुली किंचित लंबगोल असली तर ताण जागोजागी बदलतो. स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्हट, म्हणजे तो फिरतो तो बिंदू, आणि पुढची पुली एकाच अक्षावर नसतात, सस्पेन्शन दबलं की ताण बदलतो, त्यामुळे गाडी स्टँडवर की स्वार बसलेला हे मॅन्युअल सांगेल तसंच धरायचं. ॲक्सल नट सैल करून दोन्ही ॲडजस्टर सारखे फिरवायचे, नट ठरलेल्या टॉर्कने आवळून परत मोजायचं, आवळताना आकडा हलतो.

ताण जास्त झाला तर गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टचं आणि चाकाचं बेअरिंग जातं, कमी झाला तर जोराच्या झटक्याला बेल्ट दात सोडून उडी मारतो. बेल्ट कधीही दुमडू नये, आतले दोर तुटतात आणि वरून काही दिसत नाही.

ब्युएल या अमेरिकन कंपनीच्या एक्सबी मालिकेतल्या मोटरसायकलींत आयडलर पुलीमुळे बेल्टचा मार्ग कायम सारखा राहतो, तिथे ही ॲडजस्टमेंट नाहीच.