पहिलं अक्षर आपोआप मोठं का होतं?

देवनागरीत लहान-मोठं अक्षर नाही. 'क' वाक्याच्या सुरुवातीला आला काय नि शेवटी आला काय, दिसतो सारखाच. म्हणून मराठी कीबोर्डवर हा घोळ होत नाही. तो सुरू होतो आर्णी-दारव्ह्याकडचा शेतकरी मोबाइलवर अर्ज भरताना युजरनेमसाठी कीबोर्ड इंग्रजीवर नेतो तेव्हा. रकान्यात वाक्यच येणार असं धरून कीबोर्ड पहिलं अक्षर कॅपिटल करतो. आपल्याला अक्षर तेच वाटतं. कॉम्प्युटरला कॅपिटल 'ए' म्हणजे 65 आणि स्मॉल 'ए' म्हणजे 97. लॉगिन अडलंच.

फॉर्म बनवणाऱ्याच्या हातात यावर 'ऑटोकॅपिटलाइझ' हा एचटीएमएल ॲट्रिब्यूट, म्हणजे वेबपानाच्या कोडमध्ये रकान्याला जोडायची एक सूचना आहे. युजरनेमच्या रकान्याला त्याची व्हॅल्यू 'नन' (काहीच कॅपिटल नको) द्यावी, नाव-गावाला 'वर्ड्स' (प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर), तक्रारीच्या मोठ्या चौकटीला 'सेंटेन्सेस' (प्रत्येक वाक्याचं पहिलं), आणि पॅन, आयएफएससी (बँक शाखेचा कोड) किंवा एमएच 29 वाल्या गाडी नंबराला 'कॅरेक्टर्स' (सगळीच अक्षरं). ईमेल आणि पासवर्डच्या रकान्यांना कोडमध्ये त्यांचा खरा टाइप ('ईमेल', 'पासवर्ड') दिला, तर तिथे आपोआप कॅपिटल होतच नाही. अनेक जण ईमेललाही 'टेक्स्ट' टाइप देऊन मोकळे होतात, हा निव्वळ आळस.

पण ही कीबोर्डला केलेली विनंती आहे, सक्ती नाही. सेवा केंद्रातल्या कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर तिचा काही परिणाम नाही. व्हॉट्सॲपवरून पेस्ट केलेला मजकूरही जसाच्या तसा येतो. इथे काही जण सीएसएसचं, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडचं, 'टेक्स्ट-ट्रान्सफॉर्म' वापरतात आणि फसतात. त्याने स्क्रीनवर कॅपिटल दिसतं, सर्व्हरकडे मात्र टाइप केलेलं स्मॉलच जातं.

आयएफएससीचंच पाहा. एकूण 11 खुणा: पहिली 4 अक्षरं बँकेची, पाचवं शून्य, उरलेल्या 6 शाखेच्या. फॉर्ममधला तपासणीचा पॅटर्न (कोड कसा दिसायला हवा याचा साचा) फक्त कॅपिटल मानत असेल, तर स्मॉलमधला बरोबर कोडही 'चुकीचा' ठरतो आणि माणूस पासबुक डोळ्याजवळ धरून पुन्हा पुन्हा तेच भरत बसतो. कीबोर्डने सुचवलेला शब्द दाबला की मागे एक स्पेस चिकटते. 11 च्या 12 होतात, आणि ती डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून आधी दोन्ही टोकांच्या स्पेस छाटाव्यात, मग सगळं कॅपिटल करावं, त्यानंतरच पॅटर्न लावावा. हेच सर्व्हरवरही करावं. पासवर्डला मात्र हात लावू नये. तिथे लहान-मोठं अक्षर हा पासवर्डचाच भाग. पाचव्या जागी कुणी शून्याऐवजी इंग्रजी 'ओ' टाकला, तर कॅपिटल करून तो सुटत नाही. ती जागा कायम शून्याचीच असल्यामुळे तिथला 'ओ' बेलाशक शून्य करून टाकावा.