बंद सीमा आणि हाती आलेला अवधी: सामोआचा अनुभव

न्यूझीलंडमधील ऑकलंडहून निघालेले ‘तालुने’ हे जहाज ७ नोव्हेंबर १९१८ रोजी प्रशांत महासागरातील पश्चिम सामोआच्या (आजचा सामोआ देश) आपिया बंदरात आले. जहाजावर इन्फ्लुएन्झाचे रुग्ण होते, तरीही उतारूंना किनाऱ्यावर जाऊ देण्यात आले. त्यानंतरच्या काही आठवड्यांत, न्यूझीलंडच्या लष्करी अंमलाखालील या बेटांवर सुमारे साडेआठ हजार माणसे, म्हणजे लोकसंख्येच्या पाचव्या हिश्शाहून अधिक, दगावली. तेथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर असलेल्या अमेरिकन सामोआत मात्र या साथीने एकही बळी घेतला नाही, कारण गव्हर्नर जॉन पॉयर यांनी जहाजांवर विलगीकरणाची सक्ती केली होती आणि गावकऱ्यांनी किनाऱ्यावर पहारा ठेवला होता.

इन्फ्लुएन्झाची लक्षणे लागणीनंतर साधारणतः एक ते चार दिवसांत दिसतात. त्यामुळे उतारूंना काही दिवस रोखून धरले, की छुपा संसर्ग उघडा पडतो. गोवराचे तसे नाही. त्याची लक्षणे दिसायला दहा दिवस ते दोन आठवडे लागतात आणि पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासूनच रुग्ण इतरांना बाधित करू लागतो. धडधाकट दिसणाऱ्या विमानप्रवाशाला त्यामुळे सीमेवर ओळखता येत नाही, आणि अशा आजारात खरे संरक्षण लसीकरणाचेच असते.

ते संरक्षणच सामोआत ढासळले होते. जुलै २०१८मध्ये गोवर-गालगुंड-रुबेला लशीची भुकटी पाण्याऐवजी चुकून स्नायू शिथिल करणाऱ्या औषधात कालवली गेल्याने दोन तान्ह्या बाळांचा मृत्यू झाला. लसीकरण कित्येक महिने थांबवले गेले, पालकांचा विश्वास उडाला आणि लस घेतलेल्या बाळांचे प्रमाण ३१ टक्क्यांच्या आसपास घसरले. २०१९च्या गोवराच्या साथीत सुमारे दोन लाख लोकवस्तीच्या या देशात ८३ जण दगावले. त्यांतील बहुतेक पाच वर्षांखालील मुले होती. डिसेंबरच्या ५ व ६ तारखांना सरकारने सारे व्यवहार बंद ठेवले, लस न घेतलेल्यांच्या घरांपुढे लाल कापड बांधायला सांगितले आणि आरोग्यपथके ते कापड पाहून दारोदार गेली. माझ्या मते, सामोआच्या साऱ्या अनुभवात सर्वांत मोलाचे हेच काम आहे, कारण जे कुटुंब दवाखान्यापर्यंत येत नव्हते त्याच्यापर्यंत दवाखानाच पोहोचला.

मार्च २०२०मध्ये कोविडमुळे सीमा बंद झाल्या. परदेशी अडकलेल्यांना ठरावीक विमानांनी आणून विलगीकरणात ठेवले जाई. ही बंदी फार खर्चिक होती. पर्यटन ठप्प झाले आणि घरची माणसे दीर्घकाळ दुरावली. मात्र त्यातून मिळालेला अवधी वाया गेला नाही. २०२१मध्ये पुन्हा दोन दिवस देश थांबवून घरोघरी लस पोहोचवली गेली. विलगीकरणाबाहेरचा पहिला रुग्ण १७ मार्च २०२२ रोजी आढळला, तेव्हा बहुतेक प्रौढांचे दोन्ही डोस झालेले होते. पुढच्या लाटेत हजारो लोकांना लागण झाली, पण मृतांची संख्या तीसच्या आसपास राहिली.