पार्श्वभूमी : कोरड्या पठारावर लॉन कुठून आले?

12 एप्रिल 2016 रोजी पाण्याची पहिली रेल्वे मिरजेहून लातूरला पोचली. दहा टाक्या, सुमारे 5 लाख लिटर पाणी. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले. त्यातला एकही सामना मराठवाड्यात व्हायचा नव्हता. मैदाने मुंबई, पुणे आणि नागपूरची होती. पण वाद मैदानावरच्या गवताला लागणाऱ्या पाण्याचा होता. कुंपणाच्या आतल्या लॉनला पाणी घालणे ही केवळ ज्याच्या-त्याच्या हौसेची बाब आहे, असे त्या उन्हाळ्यानंतर निदान मला तरी म्हणवत नाही.

बागा मराठवाड्याला नव्या नाहीत. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी वसवली, म्हणजे पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. डोंगराच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी त्याने जमिनीखालच्या नहरीने आणि खापरी नळांतून गावात खेळवले. पाणचक्कीचे पाणीही अशाच नळांतून लांबून येते. पाण्याला ऊन लागूच द्यायचे नाही, हे या बांधकामांचे मर्म. बीबी का मकबऱ्याच्या दारावर हिजरी 1071, म्हणजे इसवी सन 1660-61 हे साल आहे. तिथली बाग चारबाग पद्धतीची, म्हणजे वाटांनी चार भागांत विभागलेली. मोगल चारबागेत वाटा उंच आणि वाफे खोलगट असत. पाटाचे पाणी वाफ्यात साचून मुळांपर्यंत मुरायचे आणि वर फळझाडांची सावली असायची. कातरून सपाट केलेले गवत ही त्या बागांमधली नंतरची भर. आग्र्याला ताजमहालाच्या बागेतली दाट झाडी हटवून मोकळी हिरवळ केली गेली, ती लॉर्ड कर्झनच्या काळात.

लॉन आपल्याकडे आले ते छावण्यांबरोबर. निजामाच्या राज्यात असूनही औरंगाबाद आणि जालना इथे इंग्रज अधिकाऱ्यांची वस्ती होती, आणि बंगल्यापुढे हिरवा तुकडा हवा ही सवय ते घरून घेऊन आले होते. त्यांच्या देशात पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतो, ऊन सौम्य असते. गवत आपोआप वाढते आणि काम उरते ते फक्त कापण्याचे. ते यंत्रही तिथेच निघाले, 1830 मध्ये, एडविन बडिंग याच्या हातून. आपल्याकडे कापणे सोपे, जगवणे अवघड. तरी इंग्रज गेले, निजामशाही संपली, आणि विश्रामगृहे व कलेक्टरच्या बंगल्यांपुढचे लॉन कायम राहिले.

पुढे जायकवाडी झाले. 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, 1976 मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले, आणि पैठणला धरणाच्या कुशीत म्हैसूरच्या वृंदावन बागेच्या धर्तीवर संत ज्ञानेश्वर उद्यान उभे राहिले. कितीतरी कुटुंबांची पहिली सहल तिथली. हिरवळीवर लोळलेल्या त्या पोरांनी मोठेपणी घर बांधताना अंगणात तसाच तुकडा मागितला, यात मला नवल वाटत नाही. 1972 च्या दुष्काळानंतर बोअर पाडण्याची यंत्रे गावोगाव फिरू लागली होती. विहिरीच्या पाण्यावर गल्लीची नजर असायची. बोअरचे पाणी एकट्याचे झाले. मग प्लॉटिंगच्या जाहिराती आल्या, हायवेलगतच्या लग्नाच्या लॉन्स आल्या.

हिशेब मात्र कुणी मांडत नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. मे महिन्यात हिरवे ठेवलेले गवत दिवसाला सहा मिलिमीटरच्या आसपास पाणी वाफेवाटे उडवते. दहा मीटर लांब-रुंद अंगणाला रोजचे 600 लिटर झाले. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला 55 लिटर धरले आहेत, म्हणजे ते अकरा माणसांचे पाणी. आपला पाऊस वर्षाला सुमारे 700 मिलिमीटर, तोही बहुतेक चार महिन्यांत. उरलेले आठ महिने गवत जमिनीच्या पोटातले पाणी पिते.

अमेरिकेतले डेन्व्हर आपल्याहून उंच, सुमारे 1,600 मीटरवर, आणि पाऊस आपल्या जवळपास निम्मा. तिथे केंटकी ब्लूग्रास हे थंड हवेतले गवत लावायची रीत पडली. शेवटी 1981 मध्ये तिथल्या पाणीपुरवठा खात्यानेच कमी पाण्याच्या बागेची ‘झेरीस्केप’ ही कल्पना पुढे आणली. त्यांची झाडे इथे चालणार नाहीत, पण पाणीपुरवठा खात्याने बागेविषयी बोलावे ही गोष्ट घेण्यासारखी आहे.

आपल्याला गवत बाहेरून आणायची गरजही नाही. बर्म्युडा ग्रास म्हणून जगभर लावतात ती आपली हरळी, गणपतीची दूर्वा. काळ्या रानात तिच्याइतकी चिवट वैरीण नाही. उन्हाळी खोल नांगरट करून तिच्या काश्या, म्हणजे जमिनीखालची खोडे, उन्हात वाळवायच्या, तरी एक पेर राहिले की ती पुन्हा फुटते. शेतकऱ्याला पिढ्यानपिढ्या छळणारा हाच गुण अंगणात उपयोगी पडतो. तिला लख्ख ऊन लागते. कडुलिंबाखाली ती विरते, तिथे हट्ट करू नये. पाऊस लागला की तुकडे टोचावेत. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात चिबडते, म्हणून खाली मुरूम आणि वर पोयटा (गाळाची माती) व शेणखत. जमीन चुनखडीची असेल तर गवताला लोह मिळत नाही आणि पाणी देऊनही ते पिवळे पडते. अशा वेळी पाणी वाढवून उपयोग नसतो. कापताना दीड-दोन इंच ठेवावे, म्हणजे मुळाशी सावली राहते.

आणि मार्चनंतर तिला वाळू द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. वरची पाती करपतात, पण जमिनीखालच्या काश्या जिवंत असतात. तीन-चार आठवड्यांतून एकदा खोल ओल मिळाली तरी त्या तग धरतात आणि मृगाच्या पावसाने फुटतात. ही ओल धुण्याच्या पाण्याने मात्र देऊ नये. साबणातले सोडियम काळ्या मातीत साठते, माती घट्ट बसते आणि पुढे पावसाचे पाणीही तिच्यात मुरत नाही.