संकटातील स्तुती आणि दुःखावरचे पांघरूण

दफनविधी आटोपून घरी परतलेल्या माणसाचा हात हातात घेऊन "रडू नका, प्रभूची स्तुती करा" असे बजावणारे विश्वासणारे मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि पुढच्या उपासनेनंतर "त्यांची परिपक्वता पाहा, डोळ्यांतून टिपूसही काढले नाही" हे कौतुकही ऐकले आहे. अश्रू आवरणे हा कदाचित स्वभावाचा भाग असेल, कदाचित लोकलज्जेचा. त्यावरून आत्मिक वाढ मोजता येत नाही.

स्तुती म्हणजे काय, हे वाचकाला नव्याने सांगायला नको. देवाने केलेल्या उपकारांसाठी उपकारस्तुती आणि तो जो आहे त्यासाठी स्तुती, हा भेदही बहुतेकांना ठाऊक असतो. प्रार्थनेत दोन्ही एकमेकींत मिसळल्या तरी काही बिघडत नाही. बिघडते ते स्तुती आणि दुःख झाकणे यांची गल्लत झाली की.

या गल्लतीचा पहिला बळी म्हणजे बायबलमधला ईयोब, मुलेबाळे आणि संपत्ती एकाच दिवशी गमावलेला माणूस. "परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले, धन्य परमेश्वराचे नाम" हे त्याचे उद्गार भेटकार्डांवरही छापले जातात, मात्र त्याच्या लगेच आधीचे वचन, म्हणजे ईयोब 1:20, सहसा कोणी वाचून दाखवत नाही. तेथे ईयोब उठतो, आपला झगा फाडतो, डोके मुंडतो आणि मग भूमीवर पालथा पडून देवाला नमन करतो. शोकाची सारी चिन्हे अंगावर असतानाच त्याच्या तोंडून स्तुती निघते. पुढे तिसऱ्या अध्यायात तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो आणि नंतर देवाशी चक्क वाद घालतो. तरीही 42:7 मध्ये देव म्हणतो की माझ्याविषयी यथार्थ बोलला तो ईयोब, त्याच्या सांत्वनाला आलेले मित्र नव्हेत. ते मित्र तर देवाचीच बाजू घेऊन बोलत होते, ही गोष्ट सांत्वनाला जाणाऱ्या प्रत्येकाने घरून निघण्यापूर्वी आठवावी.

दुःख झाकणारा माणूस आपण कसे दिसतो याकडे पाहत असतो, तर स्तुती करणारा देवाकडे पाहत असतो, आणि देवाकडे पाहताना चेहरा नीट ठेवण्याची सक्ती नसते. बायबलच्या स्तोत्रसंहितेतले 13 वे स्तोत्र अवघ्या सहा वचनांचे आहे, त्याच्या पहिल्या दोन वचनांत "कोठवर?" हा प्रश्न चार वेळा येतो आणि शेवटच्या वचनात गायन येते. 88 वे स्तोत्र तर गायनापर्यंत पोहोचतच नाही, ते अंधारातच संपते. मात्र त्याची सुरुवात "हे परमेश्वरा, माझ्या उद्धारक देवा" अशी आहे. स्तोत्रसंहितेचे इब्री नाव 'तेहिल्लीम', म्हणजे स्तुतिगीते, आणि असे विलापही त्याच नावाखाली बसतात. मला परिपक्वता दिसते ती येथे: तक्रार उरलीच नाही म्हणून नव्हे, तर ती देवाकडेच नेली म्हणून.

"सर्व स्थितीत उपकारस्तुती करा" हे 1 थेस्सलनीकाकरांस 5:18 मधले वचन लोक "सर्व स्थितीबद्दल" असे ऐकतात, याचा मला विशेष राग आहे. इफिसकरांस 5:20 मध्ये "सर्व गोष्टींबद्दल" असे आहे, हे खरे. पण त्याच अध्यायाचे 11 वे वचन अंधकाराच्या निष्फळ कर्मांचा निषेध करायला सांगते, तेव्हा अत्याचाराबद्दलच आभार माना, असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

फिलिप्पै शहराच्या तुरुंगात मध्यरात्री देवाची स्तुती गाणारे प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला हे या विषयावरच्या प्रवचनांचे ठरलेले उदाहरण आहे, आणि ते योग्यच आहे. फक्त प्रवचन भूमिकंपाशी आणि बंदिशाळेच्या नायकाच्या बाप्तिस्म्याशी थांबते. प्रेषितांची कृत्ये 16 पुढे वाचले, तर दिवस उजाडल्यावर अधिकारी त्यांना सोडून देण्याचा निरोप पाठवतात आणि पौल जायला साफ नकार देतो. आम्ही रोमन नागरिक असताना चौकशी न करता आम्हांला चारचौघांत फटके मारले आणि आता गुपचूप घालवून देता काय, त्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे, असे तो बजावतो; आणि घाबरलेल्या अधिकाऱ्यांना यावे लागते. रात्री स्तुती गाणाराच सकाळी अन्यायाचा जाब विचारतो.