निवडक अवधान

कान आणि डोळ्यांवर एकाच वेळी येऊन आदळणाऱ्या असंख्य गोष्टींतली एखादीच मनाने उचलावी आणि बाकीच्या मागे साराव्यात, या क्रियेला निवडक अवधान म्हणतात. रोजच्या बोलण्यातले 'लक्ष देणे' ते हेच. पुण्यात सदाशिव-नारायण पेठांतल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांची खरी झटापट अभ्यासक्रमापेक्षा याच्याशीच असते. समोर राज्यघटना, बाहेर दुचाकींचे हॉर्न आणि गणपती जवळ आले की संध्याकाळी ढोल-ताशाचा सराव.

१९५३ साली संशोधक कॉलिन चेरी यांनी प्रयोगात दोन कानांत दोन वेगळे मजकूर ऐकवले आणि त्यांतला एकच मोठ्याने म्हणायला लावला. दुसऱ्या कानातला आवाज पुरुषाचा की बाईचा हे लोकांना कळले, शब्द मात्र निसटले. पुढे १९५९ मध्ये मानसशास्त्रज्ञ नेव्हिल मोरे यांना आढळले की त्या दुर्लक्षित कानात स्वतःचे नाव आले, तर काहींना ते ऐकू येते. म्हणजे नको असलेला आवाज पुरता बंद होत नाही, फक्त क्षीण होतो. अभ्यासिकेच्या जिन्यात कोणी आपले नाव घेतले की मान वर होते, त्यात मनाचा कमकुवतपणा नाही.

डोळ्यांचेही तसेच. १९९९ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात चेंडूचे पास मोजण्यात गुंतलेल्या सुमारे निम्म्या लोकांना मधून चालत गेलेला गोरिलाच्या वेशातला माणूस दिसलाच नाही. हेल्मेटमध्ये इयरफोन घालून फोनवर बोलत गाडी चालवणे म्हणूनच धोक्याचे. हात मोकळे असतात, नजरही रस्त्यावर असते, पण समोरचा माणूस डोळ्यांत येऊनही मनात उतरत नाही.

लक्ष देण्याच्या सरावासाठी सुरुवातीला २० मिनिटांची बैठक पुरे. बसण्याआधी कागदावर एकच काम लिहावे, तेही नेमके. 'पॉलिटी (राज्यव्यवस्था) वाचणे' असे नको, 'मूलभूत हक्क, कलम १४ ते १८' असे हवे, कारण काय शोधायचे हे ठरले नसेल तर मनाला निवडायला काही उरत नाही. फोन उलटा करून टेबलावर न ठेवता बंद करून बॅगेत टाकावा. शेजारी कोरी चिठ्ठी ठेवावी आणि मन भरकटल्याचे कळले की तिच्यावर एक रेघ ओढून त्याच ओळीवर परतावे. हे कळणे आणि परतणे हाच सराव. पहिल्या आठवड्यात रेघा वाढलेल्या दिसल्या तर काहीजण खचून सोडून देतात. वास्तविक आधी जे ध्यानातच येत नव्हते ते आता येऊ लागलेले असते.

सर्वांत फसवी चूक म्हणजे डोळे ओळींवरून सरकतात आणि मन मेसच्या डब्यात असते. पान संपले की पुस्तक मिटून दोन वाक्ये स्वतःच्या शब्दांत म्हणावीत, न जमल्यास पान पुन्हा घ्यावे. शब्द असलेली गाणी लावून वाचू नये, कारण वाचनही मनातल्या मनात बोलूनच होते आणि दोन्हीकडचे शब्द एकमेकांत मिसळतात. पंख्याची एकसुरी घरघर सहसा इतकी आड येत नाही.

उठताना अर्धवट राहिलेला मुद्दा आणि पुढची पायरी एका ओळीत लिहून ठेवावी. नाहीतर आधीच्या कामाचा धागा मनात घोळत राहतो आणि पुढचा विषय उघडला तरी लक्ष तिथे पूर्ण पोचत नाही. मधल्या पाच मिनिटांत खाली जाऊन चहा घ्यावा, पण फोन बॅगेतच राहू द्यावा.