रेंज ट्रेकची पूर्वतयारी

सह्याद्रीच्या मुख्य रांगेवरून किंवा तिच्या एखाद्या फाट्यावरून, पाठीवर बिऱ्हाड घेऊन, एका किल्ल्यावरून दुसऱ्या किल्ल्याकडे सलग दोन-चार दिवस केलेल्या पायपिटीला महाराष्ट्रातले ट्रेकर ‘रेंज ट्रेक’ म्हणतात. सकाळी गड चढून संध्याकाळच्या एसटीने घरी येणे आणि रेंज ट्रेक यांत खरा फरक मुक्कामाचा आहे. मुक्काम आला की अंथरूण आले, शिधा आला, भांडी आली आणि या सगळ्यांपेक्षा महत्त्वाचे म्हणजे पाणी आले. पहिल्या रेंज ट्रेकला निघालेली माणसे बूट आणि सॅक यांच्या खरेदीत महिना घालवतात, पण आपल्या वाटेवर पाणी कुठे आहे हे विचारायचे राहून जाते. तयारीची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

घाटमाथ्यावर पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो, पण काळा कातळ आणि उभे उतार यांमुळे बहुतेक पाणी वाहून जाते. ओढे दिवाळीपर्यंत खळखळतात, पौषात बारीक होतात आणि होळीनंतर पुष्कळ ठिकाणी कोरडे पडतात. किल्ल्यांवर शिबंदीसाठी, म्हणजे गडावरच्या सैन्यासाठी, कातळात खोदलेली पाण्याची टाकी मात्र टिकून असतात. म्हणून सह्याद्रीतला मुक्काम बहुधा टाक्याजवळ किंवा गावाजवळ पडतो. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ पहिल्या ट्रेकसाठी उत्तम. पावसाळ्यात नाळेतून, म्हणजे कड्यातल्या अरुंद उभ्या घळीतून, उतरणे म्हणजे दगड-पाण्याच्या तोंडी जाणे, आणि एप्रिल-मेमध्ये उघड्या धारेवर (डोंगराच्या अरुंद माथ्यावर) ऊन माणसाला भाजून काढते.

मार्गाच्या निवडीत राजगड–तोरणा–रायगड हे नाव पहिल्यांदा निघते. गुंजवणे गावातून चोरदरवाजाने राजगडावर चढायचे. पुढे संजीवनी माचीच्या (माची म्हणजे बालेकिल्ल्याखालचा तटबंदीचा सपाट भाग) अळू दरवाजातून बाहेर पडून धारेने तोरण्याची बुधला माची गाठायची. तोरण्यावरून भट्टी, हारपूड करत मोहरी गाव, तिथून बोराट्याच्या किंवा सिंगापूरच्या नाळेने कोकणात उतरून रायगड. मार्ग देखणा आहे. रायलिंग पठारावरून समोर लिंगाण्याचा सुळका दिसतो ते दृश्य जन्मभर विसरत नाही. तरीही पहिल्या खेपेला राजगड–तोरणा करून तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्याला उतरावे हेच चांगले. बोराट्याची नाळ मोठमोठ्या धोंड्यांनी आणि घसाऱ्याने भरलेली आहे. तीन दिवसांच्या थकव्यानंतर सॅकसकट तिथे उतरताना गुडघे थरथरतात, आणि नाळेच्या मध्यावरून माघार घेणेही सोपे नसते. वेल्ह्यात एसटी मिळते, दुकाने आहेत, दवाखाना आहे. पुढचा टप्पा पुढच्या हिवाळ्यात करता येतो.

वेळेचा अंदाज बांधताना स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली सांगितलेला आडाखा आजही उपयोगी पडतो: साधारण ५ किलोमीटर अंतराला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. पहिल्यांदाच जाणाऱ्या, ओझे वाहणाऱ्या गटाने येईल ते उत्तर जवळजवळ दुप्पट धरावे. राजगड ते तोरणा या टप्प्याला असे सहा ते आठ तास जातात. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे सकाळी सातला राजगडाची पद्मावती माची सोडली तर बुधला माचीखालचा अवघड चढ उजेडात पार पडतो. नऊला निघालेल्या गटाला वाटेत थोडा उशीर झाला तरी तो टॉर्चच्या उजेडात चढायची वेळ येऊ शकते.

या धारेवर भरवशाचे पाणी नाही, हे धरून चालावे. निघतानाच माणशी किमान तीन लिटर भरून घ्यावे. एकच मोठा कॅन घेण्यापेक्षा एक-एक लिटरच्या बाटल्या बऱ्या. एक फुटली तरी बाकीच्या शाबूत राहतात. टाक्यातून पाणी काढण्यासाठी दहा-बारा फूट दोरी आणि कडीचे लहान भांडे सोबत हवे. हात किंवा खरकटे भांडे टाक्यात बुडवू नये, कारण ते पाणी मागून येणाऱ्यालाही प्यायचे असते. काढलेले पाणी सुती फडक्याच्या चौघडीतून गाळावे. फडक्यावर हिरवट शेवाळ आणि वळवळणाऱ्या बारीक अळ्या राहतात. त्या एकदा पाहिल्या की गाळण्याचा आळस पुन्हा कोणी करत नाही. गाळलेले पाणी उकळावे किंवा त्यात क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबावे.

पाण्याखालोखाल प्रश्न वजनाचा. भरलेली सॅक आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जड नसावी. साठ किलोच्या माणसाला बारा किलो ही पाण्यासकट कमाल मर्यादा झाली, दहाच्या आत राहिले तर चाल सुखाची होते. सॅक भरायची रीत अशी: आतून एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी लावावी, तळाशी स्लीपिंग बॅग, तिच्यावर पाठीला चिकटून शिधा आणि पाणी, बाहेरच्या बाजूला कपडे, आणि सगळ्यात वर टॉर्च, औषधे, जर्किन. जड सामान बाहेरच्या बाजूला गेले की सॅक मागे ओढते आणि माणूस दिवसभर पुढे वाकून चालतो. कंबरेचा पट्टा आधी आवळावा, खांद्याचे नंतर. भार कंबरेने घ्यायचा असतो. शिधा, स्टोव्ह, भांडी सगळ्यांत वाटून घ्यावीत आणि कोणाकडे काय आहे ते कागदावर लिहावे. तांदूळ एकाकडे, लायटर दुसऱ्याकडे आणि तो दुसरा दीड तास मागे, असा प्रसंग नव्या गटांवर हमखास येतो.

अंगाची तयारी सहा आठवडे आधी सुरू करावी. पुणेकरांना आतकरवाडीतून सिंहगड आहे, मुंबईकरांना इमारतीचे जिने आहेत. पाण्याच्या बाटल्या भरून सॅक घ्यावी, चढावे, उतरावे. गुडघे दुखू लागले तर बाटल्या वरच रिकाम्या कराव्यात, पण हळूहळू ओझ्यासकट उतरायचीही सवय लावावी. दम चढताना लागतो हे खरे, पण दुखापती जास्त करून उतारावर होतात. बूट नवे असतील तर किमान दोन आठवडे रोज घालून पायात रुळवावेत. पायांची नखे आधी कापावीत, नाहीतर उतारावर अंगठा बुटाच्या टोकावर आपटून नख काळेनिळे पडते. जीन्स घरी ठेवावी. ती भिजली की वाळत नाही आणि चढावर गुडघ्याला अडकते. कारवीच्या दाट झुडपांतून जाताना पूर्ण बाह्यांचा शर्ट लागतो, रात्री गडावरच्या वाऱ्यात स्वेटर आणि कानटोपी.

जेवणात नवलाई नको. पहिल्या दिवशी घरून आणलेल्या पोळ्या किंवा धपाटे, शेंगदाण्याची चटणी; रात्री मुगाच्या डाळीची खिचडी, माणशी मूठ-दीड मूठ तांदूळ. वाटेत गूळ-शेंगदाणे, खजूर, चिक्की आणि जलसंजीवनीची पाकिटे. मोहरीसारख्या गावात सांगून ठेवले तर घरी भाकरी-पिठले मिळते. त्याचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. मुक्कामासाठी देवळाची ओवरी किंवा गावातली पडवी चालते, पण किल्ल्यांवर राहण्याचे नियम बदलत असतात, तेव्हा निघण्याआधी चौकशी करावी आणि पायथ्याला मुक्काम करायचा पर्याय हाताशी ठेवावा. राजगड आणि रायगड २०२५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. तिथे चूल पेटवून जुना दगड काळा करणे तर शोभतच नाही.

वाट विचारण्याचेही एक तंत्र आहे. “मामा, ही वाट मोहरीला जाते ना?” असे विचारले की समोरचा माणूस सौजन्याने “जाते की” म्हणतो, कारण रानातली प्रत्येक वाट फिरून कुठेतरी पोचतेच. “मामा, मोहरीला कुठून जायचं?” असे विचारावे, मग तो हात करून खूण दाखवतो, आंब्याचे झाड सांगतो, ओढा सांगतो. भट्टीच्या पुढे ढोरवाटांचे जाळे आहे, तिथे पहिल्या खेपेला वाटाड्या घ्यावाच. मोबाइलवरचा नकाशा आधी उतरवून ठेवावा, पण बॅटरी जपावी.

सह्याद्रीतले दोन धोके विशेष जपण्याचे. आग्यामाशांची मोहोळे कड्यांना लोंबत असतात. त्यांच्या आसपास धूर, आरडाओरडा, उग्र अत्तर टाळावे, आणि माश्या उठल्याच तर हातवारे न करता तोंड-मान झाकून दूर व्हावे. दुसरा धोका सापाचा, मुख्यतः फुरसे आणि घोणस. रात्री टॉर्चशिवाय पाऊल टाकू नये, दगडाखाली हात घालू नये, सकाळी बूट झटकून घालावेत. दंश झाला तर जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. अवयव हलू न देता माणसाला शक्य तितक्या लवकर प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात न्यावे. भारतातले बहुगुणी प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते.

निघण्याच्या आदल्या रात्री सॅक वजनकाट्यावर ठेवावी. मग एका कागदावर गटातल्या सगळ्यांची नावे, रक्तगट, रोजचा मुक्काम, वाटेतल्या गावात ओळखीचे कोणी असेल तर त्याचा फोन आणि वेल्ह्यात उतरण्याची वेळ लिहून तो कागद घरी द्यावा. धारेवर बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नसते. त्यामुळे ठरल्या वेळेनंतर किती तास वाट पाहायची आणि मग ११२ या आपत्कालीन क्रमांकावर कळवायचे, तेही त्याच कागदावर लिहून ठेवावे.