दशमूलारिष्टाच्या बाटलीवर ग्रंथाचं नाव कशाला?

घरात बाळंतीण असली की दशमूलारिष्टाची बाटली येतेच, दोन चमचे औषध आणि तेवढंच कोमट पाणी. ती बाटली जरा फिरवून मागचं बारीक अक्षर वाचा, बॅच नंबर, लायसन्स नंबर आणि मध्येच कुठेतरी 'शार्ङ्गधर संहिता' किंवा 'भैषज्य रत्नावली'. तापाच्या गोळीच्या पाकिटावर असं पुस्तकाचं नाव कधी बघितलंय?

इंग्रजांनी १९४० ला औषधांचा कायदा केला तेव्हा वैद्याची पुडी त्यात नव्हतीच. मुंबई इलाख्यात १९३८ च्या कायद्याने वैद्य-हकिमांची नोंदणी करायचं ठरलं होतं, म्हणजे औषध देणारा माणूस कागदावर आला, औषध नाही. पूर्वी वैद्य स्वतः कुटून द्यायचा त्यामुळे चालून जायचं, पण कारखान्यातनं बाटल्या निघायला लागल्या की कोण कोणाला ओळखतो! शेवटी १९६४ ला कायद्यात दुरुस्ती करून आयुर्वेदिक आणि युनानी औषधं आत घेतली. आता तपासायचं कशावर? दहा मुळं, वर आणखी कितीतरी वनस्पती, धायटीची फुलं घालून सगळं आंबवलेलं, यातला नेमका कुठला घटक मोजणार? म्हणून कायद्याला जुन्या ग्रंथांची यादीच जोडली, कृती त्यातली असेल तर ते शास्त्रोक्त औषध. मला हा तोडगा त्या वेळेपुरता ठीक वाटतो, पण त्याच कायद्यात 'प्रोप्रायटरी' नावाचं दार पण आहे, घटक ग्रंथातले आणि मिश्रण कंपनीचं, आणि बाजारातल्या अर्ध्या जाहिराती तिथूनच येतात असं आपलं माझं मत. २०१० च्या नियमांनी अशा औषधांना थोडाफार पुरावा मागितला, शास्त्रोक्तला मात्र सेफ्टी स्टडी माफच. बिब्बा, कुचला, बचनाग, पारा यांची विषारी म्हणून वेगळी यादी आहे, ते असेल तर डॉक्टरच्या देखरेखीखाली घ्या असं छापावं लागतं.

आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातीला आधी परवानगी घ्या हा नियम आला २०१८ ला, केंद्राने तो जुलै २०२४ मध्ये काढला, सुप्रीम कोर्टाने ऑगस्टमध्ये त्या काढण्यालाच स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती स्थगिती पण उठली, म्हणजे नियम पुन्हा गेला.

मधे कोविडमध्ये गुळवेलीचं प्रकरण झालं ते आठवत असेल. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये लिव्हरला त्रास झालेले सहा पेशंट नोंदवले, आयुष मंत्रालय म्हणालं गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असेल. कोण बरोबर ते सोडा, पण लोक तेव्हा कुंपणावरची वेल तोडून घरीच उकळत होते आणि त्या पातेल्याला ना लायसन्स नंबर होता ना बॅच नंबर.